अर्ज करण्यास कारण की

शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवीत त्या वेळी अर्जाची सुरुवात ठरलेली असे. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्ज करण्यास कारण की...’ पाय मुरगळला म्हणून रजा हवी असो, फी माफ व्हावयाची असो, की कचेरीत कारकुनाची जागा मागावयाची असो, आरंभ एकच. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या हातून हे शब्द शंभर वेळा तरी उतरले असतील. गंमत अशी की, या वाक्यात मोलाचा शब्द कोणता असेल तर तो ‘कारण’ हा. आणि नोकरीच्या अर्जात नेमके तेवढेच आपण लिहीत नाही. सेवेशी लिहितो, नम्र विनंती लिहितो, आज्ञाधारक म्हणून सही करतो. कारण मात्र वाचणाऱ्याने आपले आपण शोधून काढावयाचे असते.

हे मी अधिकाराने बोलतो आहे असे नाही. पण अनुभवाने बोलतो आहे खास. एका बँकेच्या कर्मचारी विभागात माझी 22 वर्षे गेली. टपालाने आलेले अर्ज फोडावयाचे, त्यांची छाननी करावयाची आणि संध्याकाळपर्यंत ढिगातून दहा-बारा नावे काढून वरिष्ठांपुढे ठेवावयाची, हे माझे काम. अर्जाला जोडलेले जे पत्र असते, ज्याला आपण सर्रास कव्हरिंग लेटर म्हणतो, ते वाचण्यास मी एका मिनिटाहून अधिक वेळ क्वचितच दिला असेल. यात उद्धटपणा नव्हता. ढीग मोठा होता. पण त्या एका मिनिटात माणूस पत्रातून उठून समोर येऊन बसला, असेही काही वेळा घडले. तसे ज्यांच्या बाबतीत घडले, त्यांची पत्रे मला आजही आठवतात. बाकीची सगळी एकाच माणसाने लिहिली असावीत असा माझा समज आहे.

निवृत्तीनंतर हा विषय सुटला असे मला वाटले होते. परंतु माझी मुलगी आणि जावई चंडीगडला असतात आणि वर्षातले काही महिने मी त्यांच्याकडे काढतो. तिथे तो पुन्हा माझ्या पुढ्यात आला.

चंडीगडला पेठा नाहीत, आळ्या नाहीत, वाडे नाहीत, आकडे आहेत. ज्या शहराच्या रचनेसाठी 1950 साली पंजाब सरकारचे थापर आणि वर्मा हे दोन अधिकारी युरोपात हिंडले आणि पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या दारी जाऊन उभे राहिले, ते हे शहर. कॉर्ब्युझिए यांना अर्ज करावा लागला नाही. काम त्यांच्या घरी चालत आले. अशी माणसे थोडी. बाकीच्यांनी त्यांच्या आखलेल्या चौकटीत राहावयाचे आणि अर्ज करावयाचे. सुमारे 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब अशी ही एकेक चौकट, तिला सेक्टर म्हणतात. माझ्या मुलीचे घर सेक्टर 32 मध्ये आहे. याच सेक्टरात 1991 साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे, आणि 1973 सालापासूनचे सनातन धर्म महाविद्यालयही इथेच. त्यामुळे सकाळी रस्त्याने पाहावे तो पांढरे डगले आणि पाठीवरच्या पिशव्या. सगळे तरुण, आणि त्यांतले निम्मे कसल्या ना कसल्या जागेच्या शोधात.

अशा वस्तीला लागणारी दुकाने बाजाराच्या कडेला असतातच. तिथे छोट्या गाळ्याला बूथ म्हणतात. एका बूथमध्ये झेरॉक्सचे यंत्र, एक संगणक आणि पंचविशीचा एक चलाख पंजाबी तरुण आहे. सकाळच्या फेरीत मी तिथे वर्तमानपत्र चाळत बसे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की, त्याच्या संगणकात नोकरीच्या अर्जाचे एकच पत्र आहे. परिचारिका येवो, हिशेबनीस येवो, शाळेचा शिक्षक येवो, तो नाव बदलतो, हुद्दा बदलतो, तारीख बदलतो आणि कळ दाबतो. पत्रातला प्रत्येक उमेदवार कष्टाळू, महत्त्वाकांक्षी, सर्वांशी मिळून-मिसळून वागणारा आणि दडपणाखाली उत्तम काम करणारा असतो. दहा रुपयांत इतके गुण मिळत असतील तर कोण सोडील? हल्ली तेवढेही पैसे नको असलेली मंडळी यंत्राकडूनच पत्र लिहवून घेतात. त्याची भाषा अधिक सफाईदार असते. पण त्या पत्रातही कारण नसते, कारण ते यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते.

मला त्या तरुणाला हसण्याचा अधिकार नाही. 1971 साली बी. कॉम. झाल्यावर मी एका मोठ्या कंपनीला अर्ज केला होता. पत्रलेखनाच्या मार्गदर्शक पुस्तकातून तो शब्दश: उतरवला होता. आपल्या कृपाछत्राखाली एक जागा रिकामी असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते, असे त्यात पहिले वाक्य होते. वास्तविक ती जाहिरात वर्तमानपत्रात आली होती आणि सगळ्या गावाने वाचली होती. पण खरी शोभा पुढेच झाली. पुस्तकातल्या नमुन्यात एका कापडगिरणीचे नाव होते आणि शेवटच्या परिच्छेदात ते तसेच राहून गेले. म्हणजे मी औषधाच्या कंपनीला कळवले होते की, आपल्या गिरणीची भरभराट हेच माझे ध्येय राहील. उत्तर आले नाही. येऊ नये हेच बरोबर होते.

ही नम्रतेची सवय आपल्याला लागली कोठून? पत्राला मायना असावा, मोठ्याला कसे लिहावे आणि धाकट्याला कसे, याचे शास्त्रच आपल्याकडे होते. ‘विनंती विशेष’ आणि ‘सेवेसी श्रुत होय’ ही आपली जुनी परंपरा. तिच्यावर इंग्रजी कचेरीतील आज्ञाधारक सेवकाचे कलम झाले आणि दोन्हींचे मिळून जे झाड आले, त्याला आजवर विनंत्याच लगडताहेत. राजाच्या दरबारात ते शोभत असेल. ज्या माणसाला उद्या सकाळी आठ वाजता काम सांभाळणारे कोणी तरी हवे आहे, त्याला आपल्या नम्रतेचा काय उपयोग?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गेल्या हिवाळ्यात त्या बूथवर एक मराठी मुलगी आली. ‘पाटील’ हे आडनाव त्या तरुणाला टंकता येईना म्हणून ती अक्षरे सांगत होती, ती ऐकून मी मान वर केली. परमुलखात मराठी उच्चार कानी पडला की माणूस चौकशी केल्यावाचून राहत नाही. ती आमच्याच रांगेत वरच्या मजल्यावर राहते असे कळले. नवरा हवाई दलात. माहेर मिरजेचे. शिक्षण प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे आणि लग्नाआधी रक्तपेढीत चार वर्षे नोकरी. इथल्या एका खासगी प्रयोगशाळेची जाहिरात आली होती आणि तिला अर्ज करावयाचा होता. सरकारी भरतीला ठरावीक नमुन्याचा फॉर्म असतो, परीक्षा असते. तिथे या पत्राला जागाच नाही. खासगी ठिकाणी मात्र ते पत्रच आधी आत जाते, माणूस मागाहून.

मी तिचे पत्र वाचले. ती कष्टाळू आणि महत्त्वाकांक्षी होती, हे वेगळे सांगावयास नकोच.

संध्याकाळी ती घरी आली. म्हणाली, “काका, एक विचारू का? माझी मधली चार वर्षे रिकामी आहेत. लग्न झालं, बदली झाली, आणि लगेच सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. त्यांचं सगळं मीच केलं. ते गेल्या वर्षी गेले. आता ही चार वर्षं कागदावर कशी दाखवू? एक जण म्हणतोय, दोन हजारांत एखाद्या दवाखान्याचा अनुभवाचा दाखला मिळेल.”

मी विचारले, “आणि तुझं मन काय म्हणतं?”

ती काही बोलली नाही. चार वर्षे रुग्णाला कुशीवर वळवण्यात आणि त्याची अंथरुणे बदलण्यात गेली, ती जगाच्या हिशेबी शून्य धरली जातात, हे तिला डाचत होते. खोटा दाखला घेण्याची तिची इच्छा नव्हती. खऱ्या गोष्टीला कोणी किंमत देईल याची मात्र तिला खात्री नव्हती. अर्ज करणाऱ्या हजारो स्त्रियांची, आणि हल्ली कित्येक पुरुषांचीही, हीच अडचण असते. पत्रातील रिकामी जागा ही सर्वांत बोलकी जागा असते आणि तिथेच आपली वाचा बसते.

त्या वेळी मी तिला एका मद्रासी कारकुनाची गोष्ट सांगितली. 9 फेब्रुवारी 1912 रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. तो अर्ज आज उपलब्ध आहे आणि तो मोजक्याच वाक्यांचा आहे. आपल्या कचेरीत जागा आहे असे समजते, त्यासाठी अर्ज करतो. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, पुढे प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण चालू ठेवता आले नाही. तथापि सर्व वेळ गणिताला देऊन तो विषय वाढवीत आलो आहे. जागा दिल्यास कामाला न्याय देईन असा विश्वास आहे. बस्स, एवढा मजकूर. रामानुजन एफ. ए. च्या परीक्षेत नापास झाले होते. तो शब्द अर्जात नाही. पण उत्तीर्ण झालो असा दावाही नाही. खंड एका वाक्यात सांगितला आणि लगेच पुढच्या वाक्यात, त्या खंडात मी काय करीत होतो, हे सांगितले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. 1 मार्चपासून ते महिना 30 रुपयांवर कामाला लागले.

पण मला याहूनही महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पुढच्या वर्षी, 16 जानेवारी 1913 रोजी, याच माणसाने केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. त्यात आपण कारकून आहो, विद्यापीठाचे शिक्षण आपल्याला मिळालेले नाही, हे आरंभीच सांगितले आणि पुढे पानेच्या पाने सिद्धान्त जोडले. पोर्ट ट्रस्टला गणित एका ओळीत आणि कामाची ग्वाही. हार्डींना कारकुनी एका ओळीत आणि बाकी सगळे गणित. माणूस एकच, पत्रे दोन. कारण वाचणारे दोन होते. बूथवरच्या त्या तरुणाच्या संगणकात एकच पत्र का असू नये, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

लिओनार्दो दा विंची यांचेही असेच. 1482 च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झा यांना उद्देशून केलेला त्यांच्या पत्राचा एक मसुदा शिल्लक आहे, तोही त्यांच्या हातचा नव्हे. त्यात आधी हलवता येणारे पूल, खंदकातले पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा आणि झाकलेली युद्धवाहने यांची जंत्री आहे. चित्रकला येते अगदी शेवटी. कारण मिलानला युद्धाची धास्ती होती, चित्रांची नव्हती. आणि यातले काही अशक्य वाटत असेल तर आपण सांगाल तिथे करून दाखवतो, असा शेवट.

मुलगी म्हणाली, “काका, ही सगळी मोठी माणसं. माझ्यापाशी सांगण्यासारखं काय आहे?”

आमच्या घराच्या गच्चीवरून वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती दिसतात. त्या वेळी तिथले दिवे लागत होते. मी म्हटले, “तुला माझ्या-तुझ्या मुलखातल्या एका मुलीचा अर्ज सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी केलेला.”

ती कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण पत्रांची कथा म्हणून ती आपण क्वचित पाहतो. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून. 1878 साली कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र धाडले. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय व्हावी आणि आपल्यालाही तिकडे योग्य अशी नोकरी मिळावी, अशा दोन मागण्या त्यात होत्या. म्हणजे तो एका अर्थी नोकरीचाच अर्ज होता. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले वाइल्डर हे तेव्हा प्रिन्स्टनहून मिशनरी कार्याचे एक नियतकालिक काढीत. त्यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता आणि गोपाळरावांना ते मान्य नव्हते. अर्ज फसला. लिहिणाऱ्याला एक हवे होते, वाचणाऱ्याला दुसरेच. परंतु वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार छापला आणि 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. पत्र एकाला लिहावे आणि कामी यावे दुसऱ्याच्या हातून, असा हा योग. गोपाळरावांच्या वाक्यांत काय होते की ज्याने एका परक्या बाईचे काळीज हलावे? माझ्या मते, पत्नीला शिकवण्याची तळमळ तेवढी खरी होती आणि ती झाकली गेली नव्हती.

पुढे आनंदीबाई एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. 28 जून 1883 रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यकारी मंडळाचे एक सभासद आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. वय 18. त्या पत्राचा आशय असा की, मित्रांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध असताना ज्या निर्धाराने मला तुमच्या देशात आणले, तो निर्धारच माझे काम तडीस नेण्यास पुष्कळ उपयोगी पडेल. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी यासाठी मी आले आहे. मला स्वत:साठी काही नको. या कामाला लायक होण्यासाठी जे लागेल तेवढे तुमच्या महाविद्यालयाच्या दारी मागते.

हे पत्र मी किती वेळा वाचले असेल! प्रत्येक वेळी एक गोष्ट जाणवते. इतर कोणी असता तर विरोधाचे रडगाणे गाइले असते. सहानुभूतीची याचना केली असती. आनंदीबाईंनी त्याच विरोधाचा दाखला केला. एवढ्यातून मी इथवर आले, तेव्हा तुमचा अभ्यासक्रम मी पुरा करीन, हे न बोलता सांगितले. आणि दुसरे असे की, त्यांच्या ‘अर्ज करण्यास कारण’ त्यांच्यापाशी होते आणि ते त्यांच्या स्वत:च्या बाहेर होते. त्यांना प्रवेश मिळाला. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण ते काम हाती घेण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग मी तिला म्हटले, “आता रक्तपेढीत तू नेमकं काय करीत होतीस ते सांग. जाहिरातीतल्या शब्दांत नको. जे झालं तसं सांग.”

तिने सांगावयास सुरुवात केली आणि मी बँकेतला मनुष्य ऐकतच राहिलो. दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीच्या एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप अशा पाच चाचण्या व्हाव्याच लागतात. तांबड्या पेशी शीतपेटीत राहतात. प्लेटलेट मात्र थंडीत ठेवून चालत नाहीत, त्या खोलीच्या तपमानाला सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. मग म्हणाली, “एकदा रात्री दोनला फोन आला. बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, पिशवी तयार ठेवा. नमुन्याची बाटली आली, तिच्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळेना. एका अक्षराचाच फरक होता. मी म्हटलं, नवा नमुना पाठवा. तिकडून डॉक्टर माझ्यावर ओरडले. माझे हात कापत होते काका, पण मी पिशवी दिली नाही. पंधरा मिनिटांत दुसरा नमुना आला. रक्तगट वेगळा निघाला.”

“आणि बाई?”

“वाचल्या. बाळही.”

“हे तू पत्रात का लिहिलं नाहीस?”

ती आश्चर्याने म्हणाली, “त्यात काय लिहायचं? ते तर माझं कामच होतं.”

श्रोतेहो, 22 वर्षे मी ज्याची वाट पाहत अर्ज फोडीत होतो, ते हे वाक्य. माणसे आपले गुण लिहितात आणि आपले काम लिहीत नाहीत. चुकीच्या गटाचे रक्त जाते ते बहुतेक वेळा चाचणी चुकल्यामुळे नव्हे, तर नावाची चिठ्ठी चुकल्यामुळे, असे मला मागाहून डॉक्टर जावयाने सांगितले. जी मुलगी रात्री दोन वाजता बाटलीवरच्या एका अक्षरासाठी अडून बसते, तिच्या अर्जावर खोट्या अनुभवाची चिठ्ठी लावावयाची? तो दोन हजारांचा विषय तिथेच संपला. मला काही बोलावेही लागले नाही.

मग आम्ही पत्र लिहावयास बसलो. आधी प्रयोगशाळेत फोन करून, अर्ज कोण वाचते त्यांचे नाव विचारून घेतले; मालकीणबाई स्वत: डॉक्टर होत्या. ‘महोदय’ म्हणून हवेत पत्र सोडण्यापेक्षा नावाने लिहिलेले बरे, आणि नावाचे स्पेलिंग दोनदा तपासलेले त्याहून बरे. ई-मेलच्या विषयाच्या ओळीत जागेचे नाव आणि तिचे नाव, एवढेच. जाहिरात पुन्हा नीट वाचली. रात्रपाळीला तयार असलेला तंत्रज्ञ हवा, असे त्यात होते. तिने पहिल्या खेपेस ते पाहिलेच नव्हते. पुष्कळ उमेदवार जाहिरात वाचीत नाहीत, पगार तेवढा वाचतात. शिक्षणाची सनावळी आम्ही गाळली, कारण ती सोबतच्या बायोडाटात होतीच. पत्र म्हणजे बायोडाटाची नक्कल नव्हे. पगाराचा प्रश्न काढला नाही. विशेषणे तर मी एकेक करून खुडली. तिला वाईट वाटले, विशेषत: ‘महत्त्वाकांक्षी’ गेले तेव्हा.

पत्र इंग्रजीत गेले. त्याचा मराठी गाभा असा होता: “आपल्याला रात्रपाळीसाठी तंत्रज्ञ हवा आहे. मिरजेच्या रक्तपेढीत चार वर्षांपैकी अडीच वर्षे मी रात्रपाळीच केली आहे. नमुना आणि कागद यांवरील नाव जुळल्याखेरीज मी रक्त कधी दिले नाही; एकदा असा नमुना परत पाठवल्यामुळे चुकीच्या गटाचे रक्त दिले जाणे टळले. त्या वेळचे माझे वरिष्ठ याला दुजोरा देतील; त्यांचा क्रमांक सोबत आहे. गेली चार वर्षे मी नोकरी केलेली नाही. या काळात अर्धांगवायूने आजारी असलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करीत होते. आता ती जबाबदारी उरलेली नाही. या चार वर्षांत यंत्रे बदलली असतील. ती शिकून घेण्यासाठी मी आधी काही दिवस विनावेतन येऊन काम पाहण्यास तयार आहे. पुढील सोमवारपासून केव्हाही येऊ शकेन.”

विनावेतन हा शब्द मला पसंत नव्हता. फुकट काम देऊ करू नये, असे माझे मत आहे. पण ती ऐकेना आणि पत्र तिचे होते.

चारच परिच्छेद, एक पान. तिने ते रात्री मोठ्याने वाचून पाहिले, नवऱ्याने एक चूक काढली, आणि सकाळी पीडीएफ करण्यासाठी आम्ही पुन्हा बूथवर गेलो.

तीन आठवडे काही कळले नाही. ती मला जिन्यात भेटे आणि मान हलवी. माझाही जीव थोडा खालीवर होत असे. आपण त्या पोरीला विशेषणांसह राहू द्यावयास हवे होते की काय, असेही एकदा मनात आले. मग बोलावणे आले. मालकीणबाईंनी शिक्षणाविषयी काही विचारले नाही. त्या रात्रीचा प्रसंग विचारला आणि सासऱ्यांचा आजार किती दिवस चालला ते विचारले. तीन महिने कच्च्या नेमणुकीवर, रात्रपाळीला, तिला घेतले. आणि पहिल्या दिवसापासून वेतन दिले.

मार्चमध्ये मी परत येण्याच्या आधी एकदा बूथवर गेलो. तिथे महाविद्यालयातला एक विद्यार्थी हिशेबनिसाच्या जागेसाठी पत्र तयार करवून घेत होता. त्याची एक प्रत यंत्रातून बाहेर आली ती मी सहज पाहिली. एकदा रात्री दोन वाजता, त्यात लिहिले होते, नाव जुळत नसल्यामुळे मी एक बिल थांबवून धरले होते. त्या तरुणाने आमची पीडीएफ आपल्या संगणकात ठेवून दिली होती.

मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “बेटा, खरंच थांबवलं होतंस का?”

तो गोंधळून बूथवाल्याकडे पाहू लागला. बूथवाला म्हणाला, “अंकलजी, इसमें बिल की जगह क्या डालूँ, आप ही बता दो.”